रिश्टरचे तक्ते

"इतक्या आम्लाला सोडा किती ग्रॅम लागेल?" अकरावीतलं हे गणित आपण सगळ्यांनी मोल काढून सोडवलंय. पण मंडळी, हा हिशोब सुरू झाला तेव्हा मोल नव्हता, डाल्टनचा अणू नव्हता, रासायनिक समीकरणंही नव्हती. होता तराजू, आणि गणिताने झपाटलेला एक जर्मन, येरेमियास रिश्टर. (भूकंपवाला रिक्टर वेगळा हं!)

१७८९ साली कोनिग्सबर्गला त्याने प्रबंध लिहिला तोच रसायनशास्त्रातल्या गणिताच्या वापरावर. 'स्टॉइकिओमेट्री' हा शब्दही त्याचाच, १७९२ सालचा. ग्रीकमध्ये 'स्टॉइकेइऑन' म्हणजे मूलतत्त्व, 'मेट्रॉन' म्हणजे माप.

त्याने पाहिलं ते साधंच. दोन उदासीन क्षारांची द्रावणं एकत्र केली, क्षारांनी आपापसात जोडीदार बदलले, तरी मिश्रण उदासीनच राहतं. ना आम्ल उरतं, ना आम्लारी. त्यात काय एवढं? तर त्या काळचे आकडे घेऊ. ८५९ भाग सोड्याला सल्फ्युरिक आम्ल १००० भाग लागतं, किंवा हायड्रोक्लोरिक ७१२ भाग. आता चुन्यावर एकच प्रयोग करा: १००० भाग सल्फ्युरिकला चुना ७९३ भाग. झालं! ७१२ भाग हायड्रोक्लोरिकलाही ७९३ भागच चुना लागणार, हे प्रयोग न करता सांगता येतं.

एवढ्यावर थांबला असता तर! पण गड्याला आकड्यांत श्रेढी दिसायला लागल्या. आम्लारींची वजनं अंकगणिती श्रेढीत, आम्लांची भूमिती श्रेढीत. त्यासाठी आकड्यांची ओढाताणही झाली. त्यात लिखाण क्लिष्ट, आणि प्रत्येक आम्लाचा तक्ता वेगळा. कोण वाचणार?

वाचलं बर्लिनच्या फिशरने. १८०२ मध्ये बर्तोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर करताना त्याने ते सगळे तक्ते एकात बसवले. सल्फ्युरिक आम्ल १००० धरायचं, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. आठ आम्लारी, तेरा आम्लं. म्हणजे १०४ जोड्यांचा हिशोब फक्त २१ आकड्यांत. आमच्या धंद्यात याला डेटाबेस नॉर्मलाइज करणं म्हणतात, आणि ते करणाऱ्याचं नाव सहसा कुणाला आठवत नाही.

गंमत म्हणजे, संयुगांत घटकांचं प्रमाण ठरावीक नसतं असं मानणाऱ्या बर्तोलेनेच १८०३ मध्ये हा तक्ता आपल्या ग्रंथात घेतला आणि तो जर्मनीबाहेर पोचला.

रिश्टर १८०७ मध्ये गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी. १८१४ मध्ये इंग्लंडच्या वोलास्टनने असे आकडे चक्क स्लाइडरूलवर मांडले. पट्टी सरकवा, लागणारं वजन वाचा.