गळ्यावरचा व्रण काखेत

एकोणिसाव्या शतकात थायरॉइडवर सुरी चालवायला भले भले सर्जन धजावत नसत. ग्रंथी रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली. रक्त वाहू लागले की आवरत नसे. अमेरिकेतील सॅम्युअल ग्रॉस यांनी तर १८६६ मध्ये समंजस सर्जनाने या वाटेला जाऊच नये, असे बजावले होते. बर्नच्या थिओडोर कोखर यांनी निर्जंतुकीकरण आणि रक्तस्रावावरील काटेकोर ताबा यांच्या जोरावर हे चित्र पालटले. पाच हजारांवर शस्त्रक्रिया करून त्यांनी मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याखाली आणले आणि १९०९ मध्ये नोबेल मिळवले. गळ्यावरचा आडवा छेद मात्र पुढेही कायम राहिला.

त्या छेदाचा व्रण हटवण्याची निकड दक्षिण कोरियात सर्वाधिक जाणवली. १९९९ पासून तेथे राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली आणि तिच्या जोडीने थोड्या जादा पैशांत थायरॉइडची सोनोग्राफीही होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. रुग्णांत स्त्रियांचा भरणा मोठा होता.

सोलच्या सेव्हरन्स रुग्णालयात वुंग यून चुंग यांनी २००७ च्या अखेरीस दा विंची यंत्रमानवाने काखेतून थायरॉइड काढायला सुरुवात केली. काखेत पाच-सहा सेंटिमीटरचा छेद, तिथून त्वचेखालून गळ्यापर्यंत वाट आणि ती उघडी ठेवायला वर उचलून धरणारे धातूचे पाते. त्यामुळे जागा करण्यासाठी वायू भरावा लागत नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून मोठी झालेली त्रिमितीय प्रतिमा पाहतो. स्वरयंत्राची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी त्याला स्पष्ट दिसतात. पण गळ्यावर व्रण नको म्हणून कितीतरी जास्त ऊती सोडवाव्या लागतात. वेळ आणि खर्चही वाढतो. ही शस्त्रक्रिया लहान छेदाची आहे, हा समज म्हणूनच फसवा.

अमेरिकेत यंत्राच्या निर्मात्या कंपनीनेच २०११ मध्ये या शस्त्रक्रियेला दिलेला पाठिंबा काढून घेतला. कोरियात निदाने इतकी वाढूनही थायरॉइड कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तेवढेच राहिले. २०१४ मध्ये तेथील डॉक्टरांच्या एका गटाने सरसकट सोनोग्राफीला उघड विरोध केला, तेव्हा शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने घसरली. जपानमधील कोबेच्या कुमा रुग्णालयात तर एक सेंटिमीटरपर्यंतच्या कमी जोखमीच्या गाठींवर १९९३ पासून शस्त्रक्रियेऐवजी नुसती नजर ठेवण्याचाही पर्याय दिला जातो आणि त्यातल्या बहुतेक गाठी वर्षानुवर्षे वाढतच नाहीत.