अंगणातला खांब: भंडाऱ्यातल्या छत्रीचा इतिहास

उपग्रह दूरचित्रवाणीचा इतिहास सांगताना आपण नेहमी आभाळाकडे बघतो. आज आम्ही खाली बघणार आहोत, भंडारा जिल्ह्यातल्या अंगणात रोवलेल्या लोखंडी पाइपाकडे. हा पाइप कोणाच्या जागेत उभा राहिला, त्यावरून टीव्ही कोणाचा होता ते कळतं.

१ ऑगस्ट १९७५ रोजी 'साईट' प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. पण भंडाऱ्याच्या पूर्वेला, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या रायपूर-दुर्ग पट्ट्यात तारेच्या जाळीच्या दहा फुटी छत्र्या उभ्या राहिल्या. एटीएस-६ हा उपग्रह ३५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणून त्यांची तोंडं पश्चिमेकडे. छत्री सरकारची, टीव्ही अख्ख्या गावाचा. वर्षभरात प्रयोग संपला.

१९९२ नंतर केबल आली. तेव्हा छत्री होती केबलवाल्याच्या गच्चीवर; जिथवर त्याची तार, तिथवर टीव्ही.

घराघरात छत्री आली ती खरी डिसेंबर २००४ नंतर, दूरदर्शनची बिनमासिक शुल्काची सेवा सुरू झाल्यावर. आता अडचण बघा. माहितीपत्रक सांगतं, डिश भिंतीला बोल्टने बसवा. मातीची भिंत आणि वर कवेलू असलेल्या घरात बोल्ट धरणार कुठे? कवेलूवर पाय ठेवला तर कवेलू फुटतं. म्हणून गरिबाच्या घरी खांब अंगणात आला, आणि काम गेलं गावच्या मिस्त्रीकडे.

इथे जमीन आडवी येते. धानाच्या पट्ट्यातली चिकण, काळी कन्हार माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ खड्ड्यात ओतलेला काँक्रीटचा गोळा तिच्याबरोबर हलतो. दोन मीटरचा पाइप दोनच अंश कलला, तर वरचं टोक सात सेंटीमीटर सरकतं. साठ सेंटीमीटरच्या डिशला एवढ्यात चित्र तुटायला लागतं. जोराच्या सरीत चित्र जातं, ते पाऊस थांबल्यावर परत येतं. परत आलं नाही तर दोष बहुधा पायात असतो. लोक मात्र आधी सेट टॉप बॉक्स ठोकतात!

यावरचे उपाय साधेच आहेत. खड्डा भेगांच्या थराखाली न्यायचा आणि तळाशी रुंद करायचा. पाइपाच्या बुडाला आडवी सळी वेल्ड करायची, म्हणजे वाऱ्याने तो जागच्या जागी फिरत नाही. रेती, गिट्टी, सिमेंट ओतल्यावर दोन बाजूंनी ओळंबा लावून पाइप टेकूत धरायचा, सात दिवस पाणी मारायचं, आणि माथा जमिनीच्या वर उतरता ठेवायचा म्हणजे पाणी साचत नाही. छत्री त्यानंतरच चढवायची. आज ही सेवा ९३.५ अंशावरच्या जीसॅट-१५ वरून येते. भंडाऱ्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर आहे. पन्नास वर्षांपूर्वी शेजारच्या छत्र्या बघत होत्या, त्याहून अगदी वेगळ्या दिशेला.

घरकुलाचा स्लॅब पडला की छत्री वर जाते. अंगणातला पाइप तिथेच राहतो. काँक्रीट उपटायच्या भानगडीत कोणी पडत नाही; पाइपाला कपडे वाळवायची दोरी बांधतात.