एका डावात किती मजल?

डिसेंबर लागला की स्कारबरोत बाहेर खेळण्याचे दिवस संपतात, आणि शेजारच्या मराठी घरातला बारा वर्षांचा मुलगा माझ्या लॅपटॉपसमोर ठाण मांडतो. यंदाच्या हिवाळ्यात आमचा खेळ आहे 'एम्पायर: टोटल वॉर'. खेळ २००९ सालचा, म्हणजे त्याच्याहून वयाने मोठा. पण त्यात मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं, आणि असे खेळ फार नाहीत.

खेळ १७०० साली सुरू होतो. वर्षाला दोन डाव, एक उन्हाळ्याचा, एक हिवाळ्याचा. दर डावाला फौजेला ठरावीक अंतर मिळतं. रस्ता चांगला असेल तर थोडं जास्त. आपल्या सगळ्या फौजा हलवून डाव संपवायचा, मग बाकीची राज्यं हलतात. आपली चाल चालू असते तोवर शत्रू गप्प उभा.

इथे मला हमखास पालखेड आठवतं. १७२७ च्या उत्तरार्धात निजामाशी जुंपली तेव्हा बाजीराव जालना, खानदेश करत गुजरातेत उतरले. निजाम पुण्यावर चालून आला आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांना त्याने छत्रपती म्हणून पुढे केलं. बाजीराव पुणं सोडवायला आलेच नाहीत. ते औरंगाबादच्या रोखाने वळले. आता निजामाला धावणं भाग पडलं, जड तोफा मागे ठेवून. २८ फेब्रुवारी १७२८ ला वैजापूरजवळ पालखेडला मराठ्यांनी त्याला गाठलं, पाणी तोडलं, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. निजामाच्या एका डावात बाजीराव आपले दोन खेळले. आमच्या खेळात याला सरळ लबाडी म्हणतील.

उन्हाळा-हिवाळा ही वाटणीही मुळात युरोपातली. खिडकीबाहेरचा बर्फ पाहिला की ती पटते, एवढंच. मराठी फौजांचं वर्ष वेगळं होतं. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन, मग मोहीम.

परवा त्याची फौज दिल्लीच्या पुढे गेली. पानिपत त्याने आईकडून ऐकलं होतं. "मावशी, भाऊ मागे का नाही वळले? मी तर कधीही वळू शकतो."

का नाही वळले? खेळात फौजेचा खर्च दर डावाला एकाच तिजोरीतून वजा होतो. फौज साताऱ्यात असो की पानिपतावर, पैसा त्याच क्षणी पोचतो. सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूरहून निघाले. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली तेव्हा पैशाची इतकी चणचण होती की लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून त्याची नाणी पाडावी लागली. बरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. एवढी तोंडं रोज खाणारी. यमुनेच्या पुरामुळे पलीकडच्या अब्दालीवर जाता येईना. ऑक्टोबरअखेर तोच बागपतजवळ नदी उतरला आणि दक्षिणेची वाट अडली. डिसेंबरात रसद आणि पैसा जमवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारीला जे झालं, त्याआधी अडीच महिने ही फौज जागेवर उपाशी होत चालली होती.

खरं सांगायचं तर पालखेडची गोष्ट सांगताना मीही खेळासारखीच वागते. वेग जणू घोड्याच्या अंगातच असतो! बाजीरावांच्या मागे सावकारांचा तगादा होता, ब्रह्मेंद्रस्वामींचं कर्ज होतं. त्या दौडीतली प्रत्येक मजल कोणीतरी उधारीवर दिलेली होती. तो भाग मी त्याला आजवर सांगितला नव्हता. ऐकायला रंगतदार नाही म्हणून.

हे सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "ती चांदी किती दिवस पुरली?"

"फार नाही."

त्याने कोपऱ्यातला तिजोरीचा आकडा पाहिला. मग फौजेवर बोट ठेवून ती दक्षिणेकडे वळवली.