उघड्या दाराचा हिशेब

वातानुकूलन यंत्राची क्षमता आजही ‘टना’त मोजतात. हा टन बर्फाचा आहे. २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे १ टन, सुमारे ३.५ किलोवॅट. १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला जहाजाने बर्फ आला, तेव्हा गारवा वजनानेच विकला जात होता.

हवेतील बाष्पाचा हिशेब मात्र पुढे विलिस कॅरियर यांनी बसवला. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंगांची जुळणी बिघडत असे. त्यासाठी १९०२ मध्ये त्यांनी आर्द्रता आवरणारी यंत्रणा आखली आणि १९११ मध्ये हवेचे तापमान व बाष्प यांना जोडणारी सूत्रे मांडली.

ही सूत्रे चेन्नईतील एखाद्या दुकानाच्या उघड्या दाराला लावून पाहू. बाहेर ३५ अंश सेल्सिअस व ६० टक्के आर्द्रता, आत २५ अंश व ५० टक्के. दारातून सेकंदाला १ घनमीटर हवा आत आली, तर केवळ तापमानावरून भार सुमारे ३ टन दिसतो; बाष्प धरल्यास तो जवळपास १३ टन होतो. तापमापीला न दिसणारा हा भाग दिसणाऱ्याच्या तिप्पट आहे.

दारावरील हवेचा पडदा हा भार घटवतो, नाहीसा करत नाही. दार दुकानदाराचे असले, तरी त्या बाष्पाचे पाणी करणारी वीज सर्वांच्या वीजजाळ्यातून येते.