कानची वीट: आयआयएम अहमदाबादच्या भिंतींचं भांडण

कॅट दिलेल्या, देणार असलेल्या आणि "आपल्याला नाही बाबा झेपणार" म्हणून सोडून दिलेल्या सगळ्यांनी एक फोटो नक्की पाहिलेला असतो. लाल विटांच्या उंच भिंती, त्यात भलीमोठी गोल भोकं, पसरट कमानी, समोर हिरवळ. आयआयएम अहमदाबाद. तिथल्या पॅकेजच्या बातम्या दरवर्षी येतात, त्या सोडा. आज मला त्या भिंतींबद्दल बोलायचंय, कारण त्या पाडायच्या की ठेवायच्या यावरून गेल्या काही वर्षांत जोरदार वाजलंय.

संस्था सुरू झाली १९६१ साली. पुढाकार विक्रम साराभाईंचा (हो, तेच, अंतराळवाले) आणि गिरणीमालक कस्तुरभाई लालभाईंचा. शिकवण्याची पद्धत हार्वर्डकडून घेतली. आता इमारत कोण बांधणार? तेव्हा अहमदाबादेत एक तरुण वास्तुविशारद होते, बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मधलं, नंतर पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या हाताखाली काम केलेलं. त्यांनी सुचवलं की अमेरिकेतल्या लुई कानला बोलवा. हो, नाव कानच. पॉडकास्टला याहून चांगलं नाव मिळणार नाही!

कान फिलाडेल्फियाचा. १९६२ मध्ये तो पहिल्यांदा अहमदाबादला आला. त्याच सुमारास त्याला ढाक्याच्या संसद भवनाचंही काम मिळालं. ढाका तेव्हा पूर्व पाकिस्तानात. म्हणजे एकाच माणसाच्या टेबलावर भारत आणि पाकिस्तान दोन्हीकडचे नकाशे शेजारी शेजारी! ढाक्यात त्याने काँक्रीट वापरलं, अहमदाबादेत वीट.

वीटच का? तेव्हा आपल्याकडे सिमेंट आणि लोखंड महाग होतं, सहज मिळायचंही नाही. वीटभट्ट्या आणि गवंडी मात्र भरपूर. कानने विटेला "तुला काय व्हायचंय?" असं विचारलं, आणि वीट म्हणाली, "कमान", हा किस्सा तुम्ही एखाद्या रीलवर ऐकला असेल. गोड आहे, पण खरी गंमत पुढे आहे. कमान जितकी पसरट, तितकी ती दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलते. त्यावर कानने कमानीच्या दोन टोकांमध्ये काँक्रीटची आडवी पट्टी टाकली. धनुष्याला दोरी बांधतो ना, तसं. विटा दाब सोसतात, पट्टी ताण सोसते. आणि वर गिलावा नाही. भिंत कशी उभी आहे हे ती स्वतःच दाखवते.

वसतिगृहंही बघण्यासारखी. लांबलचक कॉरिडॉर आणि दोन्हीकडे दारं, असं नाही. जिन्याभोवती थोड्या थोड्या खोल्या आणि सोबत चहाची खोली. शिकणं वर्गाबाहेरही होतं, जिन्यात, चहा पिताना, असं कानचं मत होतं. मला हे पटतं. आपणही सबमिशनच्या आदल्या रात्रीच सगळ्यात जास्त शिकतो.

आता एक नाव, जे फार कुणी घेत नाही. अनंत राजे. मुंबईचे, तेही जे. जे.चेच. साठच्या दशकात ते फिलाडेल्फियाला कानच्या ऑफिसात गेले आणि तिथून परतून अहमदाबादच्या कामात आले. कान अमेरिकेत, साइट इथे, व्हॉट्सॲप नाही, व्हिडिओ कॉल नाही. रोजचा निर्णय घ्यायला इथे माणूस लागतोच. आधी दोशींनी आणि मग राजेंनी ती जबाबदारी उचलली. कान गेल्यावर काम राजेंनी पुढे नेलं, त्याच कॅम्पसवर पुढच्या इमारतीही उभारल्या. माझ्या मते ते कॅम्पस 'कानचं' म्हणताना निदान अर्ध्या श्वासात 'राजेंचं' म्हणायला हवं.

आणि कान गेला कसा? मार्च १९७४. अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर, स्वच्छतागृहात हार्ट अटॅक. पासपोर्टवरचा पत्ता खोडलेला होता, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागेपर्यंत दोन दिवस गेले. एवढा नावाजलेला माणूस, आणि डोक्यावर कर्ज. त्याच्या मुलाने, नथॅनियलने, पुढे 'माय आर्किटेक्ट' ही डॉक्युमेंटरी केली. वेळ काढून बघाच.

इमारत मात्र म्हातारी होत गेली. भिंतीत पाणी मुरलं, विटांना लोणा लागला. आतली सळई गंजली की फुगते आणि आजूबाजूचं वीटकाम फोडते. त्यात २००१ चा भूकंप. मग मुंबईच्या ब्रिंदा सोमया यांच्या फर्मकडे दुरुस्तीचं काम आलं. २०१८ मध्ये ग्रंथालय पुन्हा उभं राहिल्यासारखं झालं आणि २०१९ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

सगळं छान चाललंय असं वाटत असताना, डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने जाहीर केलं की १८ पैकी १४ वसतिगृहं पाडून नवी बांधायची. छताचे तुकडे पडतात, मुलांच्या जिवाला धोका आहे, असं संस्थेचं म्हणणं. जगभरातून वास्तुविशारदांनी आरडाओरडा केला, कानच्या तिन्ही मुलांनी पत्र लिहिलं, ऑनलाइन सह्या जमल्या. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी संस्थेने पाऊल मागे घेतलं. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये विषय परत आला. यावेळी तज्ज्ञांच्या तपासणीचा हवाला देत थेट मूळ विटांच्या दर्जावर बोट ठेवलं आणि पुनर्बांधणीचा निर्णय सांगितला.

मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत राहणाऱ्याला ही भाषा पाठ आहे. आधी गळती, मग स्ट्रक्चरल ऑडिट, मग रिडेव्हलपमेंट. त्या ऑडिटला मी हसणार नाही. पंख्याखाली झोपलेल्या मुलाच्या अंगावर स्लॅब पडला तर "पण ही जागतिक दर्जाची वास्तू आहे" हे उत्तर कुणाच्या आईला देणार? पण ग्रंथालय दुरुस्त होऊन पुरस्कार घेऊ शकतं, तर वसतिगृहं का नाही, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. खर्च जास्त येतो म्हणायचं असेल तर तसं सरळ म्हणावं. सगळा दोष विटेवर ढकलू नये. पन्नास वर्षं पावसाचं पाणी कुठून कसं उतरतंय याकडे नीट पाहिलं गेलं का, हा प्रश्न विटेला नाही विचारता येत.

आणि कायदा? तो इथे फार मदतीला येत नाही. आपल्या केंद्राच्या पुरातत्त्व कायद्यात वास्तू शंभर वर्षांची तरी असावी लागते. दिल्लीच्या प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स १९७२ चा. साठ वर्षंही झालेली नाहीत म्हणून त्याला वारशाचा दर्जा नाकारला गेला आणि एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत तो पाडला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर आपण जे बांधलं, ते अजून वारसा व्हायच्या वयाचंच नाही, आणि त्या वयापर्यंत ते टिकू द्यायचं की नाही हे मालक ठरवणार.

राजे २००९ मध्ये गेले. दोशींना २०१८ मध्ये प्रित्झकर मिळालं, असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या पुनर्बांधणीच्या निर्णयानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २०२३ मध्ये, तेही गेले.

प्रगती मैदानातली ती रात्र मात्र एका वाक्यात उरकण्यासारखी नाही. पुढचा भाग तिच्यावरच करतोय. हेडफोन तयार ठेवा!