शिटाके, थायमस आणि न उघडलेला डबा

मागच्या दिवाळीत मावशीची केमो चालू होती, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आला: "जपानमध्ये मशरूमने कॅन्सर बरा करतात." खाली पावडरच्या डब्याचा फोटो. डबा दोन दिवसांत कुणीतरी घरी आणूनही दिला. मावशी म्हणाली, "इंजिनिअर ना तू? बघ जरा खरं काय ते." आजचा भाग त्यातून निघाला.

गोष्ट टोकियोची. १९६९ साली गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये निबंध छापला. शिटाके मशरूमच्या अर्कातली एक लांबलचक साखळीची साखर उंदरांना टोचली, तर त्यांच्यातल्या गाठी आकसल्या. या साखरेचं नाव पुढे लेन्टिनान पडलं. गंमत म्हणजे, ती कॅन्सरच्या पेशींना स्वतः मारत नव्हती. मग मारत कोण होतं?

आम्ही बग शोधताना एकेक मॉड्यूल बंद करून बघतो ना, तसंच झालं. थायमस ही छातीच्या हाडामागची ग्रंथी, टी पेशी तिथे तयार होतात. १९७१ मध्ये चिहारांच्या गटाने थायमस काढलेल्या उंदरांना लेन्टिनान दिलं. परिणाम गायब! म्हणजे काम टी पेशींचं होतं, मशरूम फक्त त्यांना उठवत होतं. कसं, याचा एक धागा २००१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये सापडला. आपल्या मॅक्रोफेज पेशींवर डेक्टिन-१ नावाचा रिसेप्टर असतो. तो बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकान ओळखतो. शरीराला वाटतं बुरशी घुसली, आणि पहारा जागा होतो.

औषधं मात्र त्याआधीच बाजारात होती. दुसऱ्या एका मशरूमपासूनचं क्रेस्टिन जपानमध्ये १९७७ पासून, लेन्टिनानचं इंजेक्शन १९८५ पासून. १९८९ मध्ये सरकारने फेरतपासणी केली आणि क्रेस्टिन केमोसोबतच द्यायचं असं बंधन घातलं. १९९४ च्या 'लॅन्सेट'मधली चाचणी पावडरवाल्यांची लाडकी: जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले २६२ रुग्ण, क्रेस्टिन घेणारे पाच वर्षांनी ७३ टक्के जिवंत, न घेणारे ६० टक्के. पण केमो दोन्ही गटांना होती! ही ओळ जाहिरातीत कधीच नसते. आणि २०१६ मध्ये पसरलेल्या जठर-कॅन्सरच्या ३०९ रुग्णांवर केमोला लेन्टिनानची जोड देऊन पाहिली, तर आयुष्य वाढलं नाही.

मावशीला म्हटलं, डबा उघडण्याआधी डॉक्टरांना दाखव. तिने दाखवला. केमो ठरल्या तारखांनाच झाली. डबा अजून सीलबंद, फडताळात आहे.