दहा अर्थसंकल्प आणि चौदा कॅरेट

दर वर्षी अर्थसंकल्प जवळ आला की फोनवर एक माहिती हमखास येते: मोरारजी देसाईंनी दहा अर्थसंकल्प मांडले. आकडा बरोबर आहे. आठ पूर्ण, दोन अंतरिम. पण त्या काळातल्या सोनाराला विचारलं असतं, तर त्याला मोरारजींचा दुसराच आकडा आठवला असता: चौदा.

१९६२चं चीन युद्ध नुकतंच संपलं होतं. परकीय चलनाची चणचण होती. भारतातला सोन्याचा भाव आंतरराष्ट्रीय भावाच्या दुपटीच्या आसपास होता, त्यामुळे तस्करी जोरात होती. मोरारजींचा हिशेब सरळ होता: मागणी घटली की तस्करी थांबेल. जानेवारी १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम आले. चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. बावीस कॅरेटमध्ये सुमारे ९२ टक्के सोनं असतं. चौदामध्ये जेमतेम ५८.

मोरारजी स्वतः कमालीचे साधे राहत. सोन्याचा सोस लोकांनीही सोडावा, असं त्यांना मनापासून वाटे. पण ज्या गावात बँकच नव्हती, तिथे पाटल्या हीच ठेव होती. जमीन बाईच्या नावावर क्वचितच असायची. अंगावरचं सोनं तेवढं तिचं. अडीनडीला गहाण पडायचं ते हेच.

मार बसला तो सोनारांना. पिढ्यान्‌पिढ्यांचं काम थांबलं, काही कारागिरांनी आत्महत्या केल्या. तस्करी मात्र चालूच राहिली. १९६६मध्ये चौदा कॅरेटची अट गेली. तेव्हा मोरारजी मंत्रिमंडळात नव्हते. १९६७मध्ये ते पुन्हा अर्थमंत्री झाले आणि १९६८मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा रीतसर कायदाच आला. सामान्य माणसाला सोन्याची वीट किंवा बिस्किट बाळगणंही गुन्हा ठरलं.

तो कायदा १९९०मध्ये रद्द झाला. अर्थमंत्री होते मधू दंडवते, जे मोरारजींच्याच सरकारात रेल्वेमंत्री होते. मोरारजी तेव्हा ९४ वर्षांचे होते.

आज आपल्या फोनवर चौदा कॅरेटच्या नाजूक अंगठ्या 'रोज घालायला' म्हणून विकल्या जातात आणि आपण त्या हौसेने घेतो. सोनं तेवढंच, ५८ टक्के. फक्त आता ते कोणी आपल्यावर लादलेलं नाही, आणि अडीनडीला आपल्या हाताशी बँक आहे.